गोवा कुणाच्या हातून गेला?

डिसेंबरचा तिसरा आठवडा आला की मराठी पुरवण्यांतून गोवामुक्तीचे लेख येऊ लागतात आणि त्यांचा शेवट बहुधा एकाच सुरात होतो. सत्याग्रहींच्या हालअपेष्टा सांगून झाल्या, पोर्तुगीजांचे क्रौर्य सांगून झाले, १९ डिसेंबर १९६१ ची शरणागती झाली, की अखेरच्या परिच्छेदात लेखक एक उसासा टाकतो : एवढे सगळे करून गोवा महाराष्ट्राच्या हातून गेला तो गेलाच. ३४,०२१ मतांनी गेला! हा आकडा ज्यांना पाठ आहे त्यांना त्याच मतदानातले दुसरे आकडे बहुधा ठाऊक नसतात, आणि प्रश्न काय विचारला होता हे तर क्वचितच कुणी सांगू शकतो.

प्रस्तुत लेखकाचा या उशाशावरच आक्षेप आहे. तो अज्ञानातून आला असता तर एक वेळ सोडून देता आला असता. पण तो एका समजुतीतून आला आहे, आणि ती समजूत आपल्याच एका मोठ्या मागणीच्या मुळावर येणारी आहे. ती कशी, हे सांगण्यासाठी हा प्रपंच.

गेल्या गणपतीत बोर्ली पंचतनला गेलो असता आमच्या आळीतल्या एका निवृत्त गुरुजींकडे बसलो होतो. वय नव्वदीकडे झुकलेले, पण वाचन शाबूत. बोलता बोलता गोव्याचा विषय निघाला आणि गुरुजी तेच म्हणाले. "अरे, भाषा आपली, देव आपले, आडनावं आपली. तरी मतं मोजली आणि गोवा गेला. असा कुठे घरच्यांचा कौल घेतात का?"

मी विचारले, "गुरुजी, अठ्ठेचाळीस साली नबाब गेला तेव्हा तुमच्या वडिलांना कुणी विचारलं होतं का, की तुम्हाला कुठे जायचं आहे?"

गुरुजी थोडे थांबले. "विचारायचं काय त्यात? विचारलं असतं तर आम्ही हेच सांगितलं असतं."

या उत्तरात खोटे काही नाही. बोर्ली पंचतन हे श्रीवर्धन तालुक्यातले गाव. श्रीवर्धन, म्हसळे आणि मुरूड हा सगळा मुलूख जंजिऱ्याच्या सिद्दीच्या संस्थानात होता. जानेवारी १९४८ मध्ये नानासाहेब पुरोहित, मोहन धारिया आदींच्या पुढाकाराने लोक उठले, आणि त्याच वर्षी संस्थान मुंबई इलाख्यात विलीन झाले. पुढे १९५६ मध्ये आम्ही द्विभाषिक मुंबई राज्यात होतो, १९६० मध्ये महाराष्ट्रात आलो, १९८१ मध्ये आमच्या कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. यातले बहुतेक सगळे आम्हाला हवेच होते. पण यातल्या एकाही वळणावर आमच्या हातात मतपत्रिका देऊन कुणी थेट विचारले नाही. त्याच १९४८ च्या फेब्रुवारीत जुनागडच्या लोकांना विचारले गेले, १९४९ मध्ये फ्रेंचांच्या चंद्रनगरला विचारले गेले. जंजिऱ्याला विचारण्याची गरज कुणाला वाटली नाही, कारण उत्तर गृहीत होते. उत्तर गृहीत धरले आणि ते बरोबर निघाले, हा आमचा योगायोग. गुरुजींची, आणि त्या पुरवण्यांतल्या लेखकांची, चूक एवढीच की त्या योगायोगाचा त्यांनी नियम केला.

गोव्याच्या बाबतीत उत्तर गृहीत धरता येण्याजोगे का नव्हते, हे त्या प्रदेशाच्या घडणीतच आहे. 'साडेचारशे वर्षांची पोर्तुगीज राजवट' हे वाक्य आपण सरसकट वापरतो. ते तिसवाडी, बार्देश आणि साष्टी या जुन्या काबिजादीपुरतेच खरे. आल्बुकर्कने १५१० मध्ये तिसवाडीचे बेट घेतले आणि बार्देश व साष्टी त्याच शतकात पोर्तुगीजांकडे गेले. फोंडे, पेडणे, डिचोली, सत्तरी, काणकोण हे महाल मात्र त्यांच्या हाती आले ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. म्हणजे गोव्याचा मोठा भूभाग पोर्तुगीजांखाली दोनशे वर्षेही नव्हता, आणि लहान पण दाट वस्तीचा भाग साडेचारशे वर्षे होता. देवळे पाडली गेली ती जुन्या काबिजादीत, आणि देव हलवले गेले ते आजच्या नव्या काबिजादीत, तेव्हाच्या परमुलखात. एकाच गोव्यात हे दोन इतिहास शेजारी नांदतात. त्यांतला एकच आपल्याला आपला वाटतो, म्हणून दुसरा अस्तित्वातच नाही असे म्हणता येणार नाही.

याचे एक चिमुकले रूप आमच्या किनाऱ्यावरही आहे. दिघीहून तरीने राजपुरीची खाडी ओलांडावी आणि मुरूडच्या पुढे जावे, तर कोर्लई लागते. रेवदंडा आणि चौल पोर्तुगीजांकडून १७४० मध्ये मराठ्यांकडे आले. या गोष्टीला पावणेतीनशेहून अधिक वर्षे झाली, तरी कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत आजही पोर्तुगीज आणि मराठी यांच्या संकरातून झालेली बोली घरात बोलतात. ती माणसे महाराष्ट्रातली आहेत, रायगडातली आहेत आणि तरीही त्यांची बोली वेगळी आहे, यात कुणाला काही खटकत नाही. गोव्याच्या बाबतीत मात्र 'वेगळे' हा शब्द उच्चारला की तो फितुरीसारखा ऐकू येतो.

आता मुक्तिलढ्याचे ऋण. ते मोठेच आहे. १८ जून १९४६ रोजी मडगावात राममनोहर लोहिया उभे राहिले, त्यांना तिथे नेण्यात डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांचा हात होता. मे १९५५ मध्ये सेनापती बापट आणि ना. ग. गोरे यांची तुकडी सीमा ओलांडून गेली. १५ ऑगस्ट १९५५ ला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि वीसहून अधिक माणसे मेली. मधू लिमये तुरुंगात खितपत पडले. मोहन रानडे यांची कथा तर अंगावर काटा आणणारी : गोवा मुक्त होऊन सात वर्षे लोटली तरी ते पोर्तुगालच्या तुरुंगात होते, सुटले ते १९६९ च्या जानेवारीत. या लढ्यात मराठी माणूस आघाडीवर होता हे निर्विवाद आहे. पण त्यात ज्युलियांव मिनेझिस, त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा, पीटर अल्वारिस, तेलो माश्कारेन्यश हेही होते, आणि त्यांची नावे आपल्या पुरवण्यांत ओझरतीच येतात. शिवाय एक साधा प्रश्न उरतो. शेजाऱ्याच्या घराची आग विझवायला धावलेल्या माणसाला त्या घराच्या सातबाऱ्यावर आपले नाव चढवून मागता येते का? बापट-गोऱ्यांनी तसे मागितल्याचे ऐकिवात नाही. त्यांच्या वतीने आपण मागत बसलो आहोत.

लढ्याचा विरोधी पक्ष काय म्हणत होता हेही आठवावे. सालाझारने १९५१ मध्ये राज्यघटनाच दुरुस्त करून घेतली आणि वसाहतींना 'सागरापलीकडचे प्रांत' असे नाव दिले. वसाहत नाहीच, तेव्हा ती मुक्त करण्याचा प्रश्नच नाही; गोवा म्हणजे पोर्तुगालच, फक्त जरा दूर! अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी डिसेंबर १९५५ मध्ये पोर्तुगालच्या परराष्ट्रमंत्र्यांबरोबरच्या संयुक्त पत्रकात 'प्रांत' हाच शब्द स्वीकारला तेव्हा भारतात केवढा क्षोभ उसळला. १८ डिसेंबर १९६१ ला भारतीय फौजा गोव्यात शिरल्यावर सुरक्षा परिषदेत अमेरिकेचे स्टीव्हन्सन भारतावर तुटून पडले, आणि सोव्हिएत युनियनने नकाराधिकार वापरला म्हणून ठराव बारगळला. पोर्तुगालने भारताचे सार्वभौमत्व करार करून मान्य केले ते थेट १९७४ च्या शेवटच्या दिवशी, लिस्बनमधली हुकूमशाही कोसळल्यानंतर.

इतक्या खटपटीने आपण जो युक्तिवाद हाणून पाडला त्याचे व्याकरण पाहा : अमुक भूभाग हा तमुक भूभागाचा अंगभूत भाग आहे, म्हणून तिथल्या माणसांना विचारण्याचे कारण नाही. 'गोवा हा महाराष्ट्राचाच भाग आहे, कौल कसला घेता?' या वाक्याचे व्याकरण याहून वेगळे आहे का? सालाझारच्या तुरुंगांची आणि मराठी संपादकांच्या अग्रलेखांची मी तुलना करतो आहे असे कृपया कुणी समजू नये. वाक्यरचनेची तुलना मात्र जरूर करतो आहे.

विलीनीकरणाची बाजू पोकळ होती असे मात्र कुणी समजू नये. गोव्यातले काही लेखक ती तशी रंगवतात आणि तेही तितकेच चुकतात. डिसेंबर १९६३ च्या पहिल्या निवडणुकीत महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला, तीस जागांच्या विधानसभेत काँग्रेसच्या पदरी एकच जागा पडली. दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. त्यांच्यामागे कोण होते? कुळे होती, मुंडकार होते, बहुजन समाज होता. भाटकाराच्या जमिनीत झोपडी बांधून राहणाऱ्या मुंडकाराला उद्या भाटकार उठवील ही भीती होती, आणि सीमेपलीकडच्या महाराष्ट्रात कूळकायदा होता. कोकणातल्या माणसाला हे निराळे समजावून सांगायला नको. आमच्याच जिल्ह्यात अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून पुढे सहा वर्षे शेतकऱ्यांनी जमीन न कसण्याचा संप केला होता, तो खोतांविरुद्धच. बांदोडकरांच्या मतदाराला महाराष्ट्र हवा होता, कारण त्याला भाटकार नको होता. गावोगाव मराठी शाळा निघाल्या, ज्यांच्या घरात पाटी कधी आली नव्हती त्या घरात ती आली. ही आकांक्षा खरी होती आणि तिला मराठी हे नाव मिळाले, याचा मराठी भाषेला अभिमान वाटावा.

परंतु बांदोडकरांच्या समर्थकांनी, आणि त्यांच्याहून अधिक इकडच्या पुढाऱ्यांनी, एक उडी मारली. विधानसभेत बहुमत आहे, १९६५ मध्ये विधानसभेने विलीनीकरणाचा ठरावही केला आहे, मग आणखी काय हवे? डॉ. जॅक सिक्वेरा आणि युनायटेड गोअन्सचे म्हणणे असे की कुळाने शाळेसाठी आणि जमिनीसाठी दिलेले मत म्हणजे प्रदेश पुसून टाकण्याची परवानगी नव्हे. तो प्रश्न स्वतंत्रपणे विचारा. सिक्वेरांचे राजकारण कुणाला पटो न पटो, हे म्हणणे बिनतोड होते. अखेर संसदेने १९६६ मध्ये जनमत कौलाचा कायदा केला. कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून बांदोडकरांचे मंत्रिमंडळ डिसेंबरमध्ये पायउतार झाले. १६ जानेवारी १९६७ ला मतदान झाले. विलीनीकरणाचे चिन्ह फूल, संघप्रदेशाचे चिन्ह दोन पाने.

संघप्रदेशाच्या बाजूने १,७२,१९१ मते पडली, विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०. फरक तो प्रसिद्ध ३४,०२१ चा. म्हणजे सतरा हजार अकरा माणसे दोन पानांवरून फुलाकडे वळली असती तर निकाल फिरला असता. हिशेब लावणाऱ्यांनी जरूर लावावा, पण मग आणखीही एक हिशेब लावावा. मुंबईसारख्या शहरांत राहणाऱ्या गोवेकरांना मत द्यावे अशी सिक्वेरांच्या पक्षाची मागणी होती, ती फेटाळली गेली. ती मान्य झाली असती तर फरक कमी झाला असता असे मानायला काही आधार नाही.

'ख्रिस्त्यांनी घात केला' हे दुसरे लाडके वाक्य. त्या वेळी गोव्यातली ख्रिस्ती लोकसंख्या चाळीस टक्क्यांच्या आत होती, आणि दोन पानांना मते पडली चौपन्न टक्क्यांहून अधिक. प्रत्येक ख्रिस्ती माणसाने, एकही न चुकता, दोन पानांवर शिक्का मारला असे गृहीत धरले तरी उरलेली मते हिंदूंचीच असणार. ज्यांना अंकगणित अडचणीचे वाटते त्यांनी निदान मडगावच्या 'राष्ट्रमत'चे अंक आठवावेत. चंद्रकांत केणी संपादक, उदय भेंब्रे यांचे 'ब्रह्मास्त्र' हे सदर, आणि तिकडे सभांमधून उल्हास बुयांव यांची कोकणी गाणी. यातले 'राष्ट्रमत' मराठी दैनिक होते! विलीनीकरणाविरुद्धची लढाई मोठ्या प्रमाणात मराठी गद्यात लढली गेली आणि मराठी गद्यातच जिंकली गेली. 'राष्ट्रमत' वाचून दोन पानांकडे वळलेला फोंड्याचा किंवा मडगावचा हिंदू वाचक मराठी सोडून देत नव्हता. तो एवढेच सांगत होता की माझी मराठी आणि तुमचे मंत्रालय या दोन गोष्टी एक नव्हेत.

इथे आपले सगळे बिनसते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याने आपल्याला एक समीकरण दिले : जिथे मराठी तिथे महाराष्ट्र. लढ्यासाठी ते आवश्यक होते. लढा जिंकल्यावर त्याचे रूपांतर मालकीहक्कात झाले. मग कोकणी ही मराठीची बोली आहे हे सिद्ध करण्यासाठी पंडित कामाला लागले, जणू भाषाशास्त्राचा निवाडा हा खरेदीखताचाच कागद. वादापुरते धरून चाला की कोकणी ही बोली आहे. मग? अहिराणी बोलणाऱ्या माणसाने धुळ्याचे निराळे राज्य मागितले तर त्याला नाही म्हणण्यासाठी 'तुझी बोली आहे' एवढे कारण पुरेल काय? आणि कोकणी ही भाषा आहे असे धरले तर तेवढ्यानेच राज्य मिळते काय? फादर स्टीफन्सने क्रिस्तपुराण मराठीत रचले, ते १६१६ मध्ये छापले गेले. कोकणीचे व्याकरणही त्यानेच लिहिले. त्याला या दोहोंतून एक निवडावे लागले नाही. बाकीबाब बोरकरांनी दोन्ही भाषांत कविता लिहिली. निवड करायला लावली ती आपण, आणि निवड करायला लावल्यावर माणसे नेहमी आपल्याला हवी तीच निवडतात असे नाही.

प्रतिनियुक्तीवर महाराष्ट्रातून गेलेल्या अधिकाऱ्यांनीही विलीनीकरणाचा नमुना आधीच दाखवून ठेवला होता. त्या काळच्या गोवेकरांच्या तक्रारींत या 'डेप्युटेशन'वाल्यांचा उल्लेख पुनःपुन्हा येतो. महाराष्ट्रात तेव्हा दारूबंदी होती. आमच्या श्रीवर्धन-दिवेआगरच्या भंडाऱ्यांना तिने काय दिले हे आमच्या किनाऱ्याला माहीत आहे. माडावर चढून सूर काढणाऱ्या गोव्याच्या रेंदेराला ते वेगळे सांगावे लागले नसेल.

'पण संघप्रदेश? केंद्राची ताबेदारी कुणी आपणहून मागते का?' हा सवाल मी अनेकदा ऐकला आहे, आणि त्यामागची जखम मला कळते. जानेवारी १९५६ मध्ये नेहरूंनी मुंबई केंद्रशासित करण्याचे जाहीर केले तेव्हा महाराष्ट्र पेटला. आमच्याच जिल्ह्यात जन्मलेल्या चिंतामणराव देशमुखांनी त्याच वर्षी अर्थमंत्रिपद सोडले. ज्या शब्दासाठी आपली माणसे गोळीबारात मेली तोच शब्द शेजारचा माणूस मागून घेतो, हे आपल्या डोक्यात शिरेना. पण मुंबईवर तो शब्द लादला जात होता आणि गोव्याने तो दोन पर्यायांतून उचलला. या दोन गोष्टींत जमीनअस्मानाचे अंतर आहे. आणि एक अवघड आठवणही इथे सांगायला हवी. जून १९५६ मध्ये नेहरूंनी मुंबई पाच वर्षे केंद्राकडे ठेवून मग मुंबईकरांना विचारू असे सुचवले होते. आपण ते धुडकावले. धुडकावण्यास कारणे होती, ती मला पटतात. तरी 'लोकांना विचारा' हे सूत्र आपल्याला त्या काळीही बिनशर्त मान्य नव्हते, एवढी नोंद राहिली पाहिजे.

मतपत्रिकेवर काय छापले जाते यावर सगळे अवलंबून असते हेही खरे. अमेरिकेचा विस्तार पाहिला तर तिथे बहुतेक वेळा छापायलाच काही नव्हते. नेपोलियनने १८०३ मध्ये लुइझियाना दीड कोटी डॉलरला विकला. न्यू ऑर्लिन्सच्या फ्रेंच बोलणाऱ्या माणसाला आपण विकले गेल्याचे नंतर कळले, आणि नऊ वर्षांत तो एका राज्याचा नागरिक झाला. फ्लोरिडा स्पेनकडून करारान्वये गेला, त्याला राज्य व्हायला १८४५ उजाडले. आपली मुंबई तर १६६१ मध्ये लग्नाच्या करारात आंदण म्हणून पोर्तुगीजांकडून इंग्रजांकडे गेली. हवाईत १९५९ मध्ये मतदान झाले, पण मतपत्रिकेवर राज्य व्हायचे की नाही एवढाच प्रश्न होता. स्वतंत्र व्हायचे आहे का, हा पर्याय तिथे नव्हता, आणि तेथील मूळ रहिवाशांतले काही लोक आजवर त्यावर बोट ठेवतात.

गोव्याच्या मतपत्रिकेवरही तिसरा पर्याय नव्हता. घटक राज्य हवे का, हे विचारलेच नाही. भाषेबद्दल तर अवाक्षरही नव्हते. म्हणून १६ जानेवारीला 'अस्मितेचा विजय' म्हणून मिरवणाऱ्या गोव्यातल्या मित्रांनाही एक सांगणे आहे. त्या दिवशी गोवेकराने कोकणीला कौल दिला नाही, त्याने विलीनीकरणाला नकार दिला. अडीच महिन्यांच्या आतच झालेल्या निवडणुकीत त्याच मतदाराने बांदोडकरांना पुन्हा मुख्यमंत्री केले! विलीनीकरण नको, पण विलीनीकरण मागणारा भाऊ हवा. या मतदाराला भोळा म्हणण्याची दोन्हीकडे चाल आहे. मला तर १९६७ च्या त्या हिवाळ्यात एवढा नेमका विचार करणारा मतदार देशात दुसरीकडे कुठे होता की नाही याचीच शंका वाटते. जमीन आणि शाळा कुणाकडून घ्यायची आणि नकाशा कुणाच्या हाती द्यायचा नाही, हे त्याने दोन वेगळ्या मतपेट्यांत टाकून दाखवले.

राज्य मिळायला त्यानंतर वीस वर्षे लागली, आणि ती सरळ गेली नाहीत. साहित्य अकादमीने १९७५ मध्ये कोकणीला स्वतंत्र साहित्यभाषा मानले. १९८५-८६ चे राजभाषा आंदोलन रक्ताळले, माणसे मेली. फेब्रुवारी १९८७ च्या कायद्याने देवनागरीतली कोकणी राजभाषा झाली आणि मराठीलाही सरकारी वापरात जागा राहिली. ३० मे १९८७ रोजी गोवा भारताचे पंचविसावे राज्य झाले. ज्या ख्रिस्ती समाजाने वेगळेपणासाठी सर्वांत एकजुटीने मत दिले त्याची रोमी लिपीतली कोकणी मात्र त्या कायद्याच्या बाहेर राहिली. त्यांची तक्रार आज चार दशकांनंतरही मिटलेली नाही. आपल्यावर अन्याय झाला म्हणून जो वेगळा होतो, तो वेगळा झाल्यावर घरात अन्याय करीतच नाही, असा काही निसर्गनियम नाही.

आता त्या समजुतीचे मोल. जनमत कौल झाला त्याच १९६७ च्या ऑगस्टमध्ये महाजन आयोगाचा अहवाल आला आणि बेळगाव शहर म्हैसूर राज्यातच ठेवण्याची शिफारस झाली. आयोग नेमला जावा म्हणून आदल्या वर्षी उपोषणाला बसले होते तेच सेनापती बापट, ज्यांनी अकरा वर्षांपूर्वी गोव्याची हद्द ओलांडली होती. महाराष्ट्राने अहवाल फेटाळला. सीमाभागाच्या बाबतीत आपली भूमिका चार पायांवर उभी आहे : खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या, आणि लोकेच्छा. बेळगाव, निपाणी, खानापूरचा मराठी माणूस वर्षानुवर्षे निवडणुकांतून सांगत आला की आम्हाला महाराष्ट्रात यायचे आहे. त्याचे कुणी ऐकत नाही, हा आपला आक्षेप. तो रास्त आहे. २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, तिथेही आपल्या बाजूचे सर्वांत माणुसकीचे म्हणणे हेच आहे की हद्दी माणसांसाठी असतात आणि माणसांना विचारून आखाव्यात.

कर्नाटकाचा वकील उद्या उठून एवढेच म्हणाला की, गोव्यात तुमच्या शेजारी माणसांना विचारले, त्यांनी स्वच्छ उत्तर दिले, आणि ते उत्तर तुम्ही इतकी वर्षे 'दुर्दैव' म्हणून रडत आहात. मग बेळगावच्या लोकेच्छेबद्दलचा तुमचा आदर कोणत्या जातीचा? याला आपल्याकडे उत्तर काय आहे? लोकेच्छा आपल्या बाजूने असेल तर तत्त्व आणि विरुद्ध असेल तर अपघात, असे म्हणणाऱ्या पक्षाचे बेळगावातले रडणेही मग कुणी मनावर घेत नाही. खानापूरच्या मराठी शाळेतल्या पोराला त्याची किंमत द्यावी लागते, पुरवणीत उसासे टाकणाऱ्याला नाही.

म्हणून माझी सूचना अगदी मर्यादित आहे. पुढल्या डिसेंबरात ज्या कुणाला तो अखेरचा परिच्छेद लिहावासा वाटेल त्याने ३४,०२१ हा आकडा अवश्य लिहावा. पण त्याआधी १,७२,१९१ हा लिहावा, फुलाचे आणि दोन पानांचे मत कशासाठी होते ते लिहावे, आणि 'राष्ट्रमत' कोणत्या भाषेत निघत होते तेही लिहावे. बोर्लीच्या गुरुजींना मी हे सगळे सांगितले नाही. निघताना त्यांनीच विचारले, "मग चंद्रनगरला विचारलं तेव्हा त्यांनी काय सांगितलं?" मी म्हटले, भारतात यायचंय म्हणून सांगितलं, जवळपास एकमताने. "आणि कुठल्या राज्यात, ते?" ते विचारलं नव्हतं, गुरुजी. भारतात आल्यावर त्यांना पश्चिम बंगालला जोडून टाकलं.